पेशव्यांनी दिलेल्या जागेवरचं सिटी चर्च

रत्नागिरीहून पुण्याला निघालेली एस.टी. चिपळूण मागे टाकून कुंभार्ली घाटाकडे वळते, तेव्हा पायथ्याशी पोफळी लागते. तिथे कोयनेच्या पाण्यावर तयार होणाऱ्या विजेने महाराष्ट्रातल्या कारखान्यांना बळ दिलं आणि कोकणातली कितीतरी माणसं कामासाठी घाटावर गेली. पण पोटासाठी परमुलखातून पुण्यात येण्याची रीत कारखान्यांहून जुनी आहे. तिची एक खूण नाना पेठेत, क्वार्टर गेटजवळ उभी आहे. पुणेकर तिला सिटी चर्च म्हणतात.

पुण्यातलं चर्च म्हटलं की कॅम्प आणि इंग्रज आठवतात. हे चर्च त्यांच्याआधीचं. ज्या खडकीच्या लढाईनंतर पुणे इंग्रजांच्या हाती गेलं ती १८१७ सालची, तर इथली पहिली मिस्सा ८ डिसेंबर १७९२ रोजी झाली. तो मरियामातेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सण. चर्चचं नावही तेच. पेशव्यांच्या फौजेत तेव्हा ख्रिस्ती शिपाई होते. दोम मिगेल दि नोरोन्या हे त्यांच्यातले अधिकारी. या माणसांना प्रार्थनेसाठी हक्काची जागा हवी होती. सवाई माधवराव पेशव्यांनी ती दिली.

त्या वेळी ते अठरा वर्षांचे होते आणि कारभार नाना फडणीस पाहत होते. सवाई माधवरावांच्या पणजोबांचे भाऊ चिमाजी अप्पा यांनी १७३९ मध्ये ख्रिस्ती पोर्तुगीजांकडून वसई जिंकली होती. त्या मोहिमेच्या आठवणी पुण्यात पुसल्या गेल्या नसणार. तरीही आपल्या चाकरीतल्या माणसांच्या धर्माला दरबाराने शहरात जागा दिली. मला यात पेशवाईचं मोठेपण दिसतं.

आज चर्चबाहेर रिक्षा-टेम्पोंची गर्दी आहे. आत बाकांवर बसलं की शहराचा पुढचा इतिहासही उलगडू लागतो. १८५० मध्ये लष्कर भागात सेंट पॅट्रिक चर्च झालं, ते आयरिश कॅथलिक सैनिकांसाठी. १८८६ मध्ये पुणे धर्मप्रांत स्थापन झाला. मग १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, त्यामागून टेल्को आणि बजाजही आले. गोवा, मंगळूर, केरळमधून आलेल्या कॅथलिक कुटुंबांसाठी नवे धर्मग्राम उभे राहिले. आधी फौजेने माणसं आणली, नंतर कारखान्यांनी. आणि प्रत्येक वेळी वस्तीमागोमाग चर्च आलं.

आम्हा रत्नागिरीकरांचंही या इतिहासाशी नातं आहे. २००५ मध्ये सिंधुदुर्ग धर्मप्रांत वेगळा होईपर्यंत आमच्या जिल्ह्यातले कॅथलिक पुणे धर्मप्रांतातच होते. म्हणून कोकणातून येणाऱ्यांना माझं सांगणं आहे: शनिवारवाडा पाहिलात की नाना पेठेतही जा. वाड्यात पेशव्यांची सत्ता समजते. परक्या धर्माच्या चाकरांना त्यांनी कसं वागवलं, ते सिटी चर्चमध्ये समजतं. दोन्ही पाहिल्याशिवाय पेशव्यांचं पुणं पुरतं कळत नाही.