पाकिटावरचा पत्ता

कादंबरी हाती पडली की आधी शेवटचे पान उघडून पाहणारी माणसे मला पुष्कळ ठाऊक आहेत. नायिकेचे लग्न होते की ती क्षयाने जाते, एवढे एकदा कळले म्हणजे ती निवांतपणे पहिल्या पानाकडे वळतात. मला त्यांचा कधी राग आला नाही. शेवट ठाऊक नसताना पुढे पुढे जात राहणे हे काही सोपे काम नव्हे. कादंबरीत निदान पाने उलटण्याची सोय असते. जगाच्या बाबतीत तीही नाही. म्हणूनच की काय, ज्या पुस्तकात जगाचे शेवटचे पान लिहून ठेवले आहे असा समज पसरला, त्या पुस्तकावर माणसांची शतकानुशतके झुंबड उडालेली आहे. ते पुस्तक म्हणजे बायबलातले अखेरचे, ‘प्रकटीकरण’.

पुस्तक तसे लहानसे, बावीस अध्यायांचे. मी ख्रिस्ती नाही. वाचनाच्या हव्यासापायी ते मी उघडले आणि पहिल्याच बैठकीत गांगरून गेले. सात डोक्यांचे आणि दहा शिंगांचे श्वापद समुद्रातून वर येते. चार रंगांच्या घोड्यांवर बसून चार स्वार निघतात. सूर्य पांघरलेली स्त्री प्रसूतिवेदनांनी कळवळत असते आणि तिच्या पुढ्यात तांबडा अजगर टपून बसलेला असतो. पुराणे ऐकत वाढलेल्या माणसाला अनेक डोक्यांचे नवल वाटू नये. दशानन तर आपल्या घरचाच. पण आपले पुराणिकबुवा प्रसंग संपला की थांबून अर्थ सांगतात. इथे तो सांगायला कोणी नव्हते.

एक धागा मात्र पुस्तकाच्या नावातच सापडला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘पडदा दूर करणे’ असा आहे. इंग्रजीत त्याच शब्दाला हळूहळू सर्वनाशाचा वास चिकटला. मराठीत तसे झाले नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबल मराठीत आणले. १९२२ साली त्या वारल्या आणि १९२४ साली ते भाषांतर छापून प्रसिद्ध झाले. ‘प्रकटीकरण’ या आपल्या शब्दात भीती नाही. झाकलेले उघड होणे एवढेच त्यात आहे.

अर्थ सांगणारा माणूस मला शेजारीच भेटला. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक निवृत्त शिक्षक राहतात. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. जन्म ख्रिस्ती घरातला, उभी हयात मराठी शिकवण्यात गेलेली. मी माझी अडचण सांगितली तेव्हा ते हसून म्हणाले, “ताई, हे पत्र आहे. दुसऱ्याचं पत्र आपल्या हाती पडलं तर आधी पाकिटावरचा पत्ता वाचावा.”

पत्ता खरोखरच पहिल्या अध्यायात दिलेला आहे. लिहिणारा योहान. मुक्काम एजियन समुद्रातले पात्म नावाचे बेट. पत्र जायचे ते रोमन साम्राज्यातल्या आसिया प्रांतातल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिमेकडच्या, सात गावच्या ख्रिस्ती मंडळ्यांना : इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया आणि लावदिकीया. काळ पुष्कळ विद्वानांच्या मते इ. स. ९५ च्या सुमाराचा. नकाशा पुढे घेऊन बसले तर दिसते की, पत्र घेऊन निघालेल्या जासुदाला ज्या क्रमाने गावे लागावीत, त्याच क्रमाने ती लिहिलेली आहेत.

पत्ता कळला की एकेक ओळ बोलू लागते. लावदिकीयाच्या लोकांना या पत्रात खडसावले आहे, की तुम्ही ऊनही नाही आणि थंडही नाही, कोमट आहात. शेजारच्या हेरापलीला गरम पाण्याचे झरे होते आणि ते आजही आहेत. दुसऱ्या बाजूच्या कलस्सैला गार पाणी मिळे. लावदिकीयाला मात्र पाणी दुरून नळांनी आणावे लागे, आणि घरात येईतो ते ना धड ऊन उरे ना धड गार, असे अभ्यासक सांगतात. गाव पैसेवाले होते. इ. स. ६० मध्ये भूकंपाने ते कोसळले, तेव्हा बादशाही मदतीवाचून त्यांनी ते पुन्हा उभारले. आम्हांला कशाची उणीव नाही या त्यांच्या ताठ्यावरही पत्राने बोट ठेवलेले आहे. ज्यांना ते लिहिले, त्यांना त्यात गूढ काहीच वाटले नसणार. पाण्याचा घोट घेताच अर्थ कळला असेल!

मग श्वापदे आणि अजगर कशाला? त्याचे उत्तर मराठी वाचकाला परके नाही. १९०७ साली खाडिलकरांचे ‘कीचकवध’ रंगभूमीवर आले. रंगमंचावर होते महाभारत. पण कीचक म्हणजे कर्झन आणि सैरंध्री म्हणजे आपला देश, हे प्रेक्षकांना कोणी सांगावे लागले नाही. सरकारलाही ते कळले आणि १९१० साली नाटकावर बंदी आली. योहानाचेही तसेच. त्याच्या श्वापदाची सात डोकी म्हणजे सात टेकड्या, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. आणि सात टेकड्यांवर वसलेले शहर कोणते, हे त्या साम्राज्यात पोरासोरांनाही ठाऊक होते. रोमला त्याने ‘बाबेल’ म्हटले, कारण बाबेलने पूर्वी यरुशलेमचे मंदिर पाडले होते आणि इ. स. ७० मध्ये रोमने ते पुन्हा पाडले.

श्वापदाचा तो प्रसिद्ध आकडा, ६६६, हाही त्याच जातीचा. आपल्याकडे कटपयादी पद्धतीत अक्षरांना अंकांची किंमत देतात. हिब्रूत आणि ग्रीकमध्येही अक्षरांना किमती आहेत. ‘नेरोन कैसर’ हे नाव हिब्रू अक्षरांत लिहून बेरीज केली तर ‘नेरोन’चे ३०६ आणि ‘कैसर’चे ३६० मिळून बरोबर ६६६ होतात. काही जुन्या हस्तलिखितांत ६१६ असा आकडा सापडतो. लॅटिन वळणाने ‘नेरो’ लिहिले तर शेवटच्या ‘न’चे ५० गळतात आणि तोही हिशेब जुळतो. अर्थात रोमच्या आगीनंतर इ. स. ६४ मध्ये ज्याने ख्रिस्ती लोकांना हालहाल करून मारले, त्या नीरोची ही सावली आहे, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

आणि या साम्राज्यावरचा आरोप तरी काय? अठराव्या अध्यायात बाबेल जळते आणि तिचे व्यापारी रडत मालाची यादी वाचतात : सोने, मोती, रेशीम, हस्तिदंत, दालचिनी, धूप, गहू, घोडे. त्याच शतकातल्या एका ग्रीक व्यापारी टिपणात भडोच, सोपारा, कल्याण ही आपल्या किनाऱ्यावरची बंदरे नोंदलेली आहेत. त्या यादीतला एखादा हस्तिदंत इथूनच गेला असेल, या विचाराने मी क्षणभर सुखावले. पण यादी तिथे थांबत नाही. तिच्या अगदी शेवटी, घोडे आणि रथ यांच्यानंतर, माणसे येतात. विकायला काढलेली माणसे. ती ओळ वाचल्यावर श्वापदाला सात डोकी का दिली, हे मला निराळे विचारावे लागले नाही.

पण पत्र शतकांमागून शतके हातोहात फिरत गेले आणि पाकीट हरवले. मग ज्याच्या हाती ते पडले, त्याने त्यावर स्वतःचाच पत्ता घातला. १५२२ च्या सप्टेंबरात लूथरचा नवा करार निघाला, तेव्हा त्यातल्या चित्रात बाबेलच्या बाईच्या डोक्यावर पोपचा तिमजली मुकुट चढलेला होता. ओरड झाली म्हणून डिसेंबरच्या आवृत्तीत तो छाटून टाकावा लागला. टॉलस्टॉयच्या ‘युद्ध आणि शांती’तला पिएर तर नेपोलियनच्या नावातून ६६६ काढतो आणि मग ओढूनताणून, एक अक्षर गाळून, स्वतःच्या नावातूनही तोच आकडा काढतो, अर्थात नेपोलियनला मारणे हे आपलेच विधिलिखित, असे तो ठरवून बसतो. मला वाटते, या सगळ्या हिशेबांचे मर्म टॉलस्टॉयने नेमके पकडले आहे. शेवटचे पान शोधणाऱ्याला त्या पानावर आपले नाव हवे असते.

याची केवळ थट्टा करावी, असे मात्र मला वाटत नाही. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात विल्यम मिलर नावाचा एक सरळमार्गी शेतकरी होता. दानीएलाच्या पुस्तकात २३०० दिवसांचा उल्लेख आहे. एक दिवस म्हणजे एक वर्ष असे धरून आणि इ. स. पू. ४५७ पासून मोजून त्याने ख्रिस्ताचे पुनरागमन १८४३-४४ च्या सुमारास ठरवले. मार्च १८४४ उलटला. मग त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस काढला. कित्येकांनी उभी पिके शेतात सोडली. ते पांढरे झगे घालून टेकड्यांवर बसले होते अशी टवाळी झाली. तिला आधार नाही. खरे आहे ते एवढेच, की रात्र सरली, नेहमीसारखे उजाडले, आणि आम्ही पहाटेपर्यंत रडलो असे त्यांच्यातल्या एकाने लिहून ठेवले. बटाटे न काढता ठेवलेल्या एका शेतकऱ्याची हकीकत त्या पंथात सांगतात. शेजाऱ्यांचे लवकर काढलेले बटाटे त्या वर्षी सडले. याचे जमिनीत राहिलेले चांगले निघाले आणि चढ्या भावाने विकले गेले. जगबुडीची वाट पाहणाऱ्याला बाजारभाव साधावा, ही विधात्याची थट्टा म्हणायची! पण त्या एका रात्रीचे रडणे मला अजून ऐकू येते. आपणही १९६२ च्या फेब्रुवारीत अष्टग्रहीच्या धास्तीने देशभर यज्ञ पेटवलेच होते.

अर्थ लावणे हा विद्वानांचा खेळ नव्हे, हे मला २०२१ साली पुरते उमगले. करोनाची लस येऊन पोचली होती आणि तिच्या पाठोपाठ फोनवर संदेश फिरू लागले, की हीच श्वापदाची खूण! उजव्या हातावर किंवा कपाळावर ती खूण असल्यावाचून कोणाला विकत घेता येणार नाही की विकता येणार नाही, असे तेराव्या अध्यायात आहे खरे. मास्तरांची थोरली बहीण तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात एकटी राहते. वय ऐंशीच्या पुढे, छातीचा जुना विकार. तिने लस घ्यायला साफ नकार दिला. देवाला तोंड कसे दाखवू, असे म्हणून ती रडत होती.

मास्तर रोज संध्याकाळी तिला फोन लावून बसत. ते रागावले नाहीत की हसले नाहीत. तेरावा अध्याय संपताच चौदाव्याच्या पहिल्याच ओळीत कोकऱ्याच्या माणसांच्या कपाळावरही नाव लिहिलेले आहे, हे त्यांनी तिला वाचून दाखवले. “आक्का, आपल्या गावात कुणाच्या कपाळी उभं गंध, कुणाच्या आडवं. कोण कुणाचा, ते त्यावरून कळतं. खूण म्हणजे तेवढंच. तू कुणाची, ते सुईनं बदलत नाही.”

पलीकडून आवाज आला, “मग शेवट कधी रे?”

“तो दिवस आपल्यालाही ठाऊक नाही, असं खुद्द येशूनं सांगून ठेवलंय. तुला कशाला पाहिजे? तू उद्या दवाखान्यात जा.”

त्या दिवसांत मास्तरांनी मलाही पुस्तकातली एक लकब दाखवली. पाचव्या अध्यायात योहानाला सिंह आला असे ऐकू येते. तो वळून पाहतो तो वध झालेले कोकरू उभे. सातव्या अध्यायात त्याला आकडा ऐकू येतो, १,४४,०००. बाराला बाराने गुणून हजारपट केलेला. पण तो डोळे उघडून पाहतो तेव्हा सर्व राष्ट्रांतल्या, सर्व भाषांच्या लोकांचा असा समुदाय दिसतो, की जो कोणालाच मोजता येत नाही. हिशेबनीस मंडळी कानाशी आलेल्या आकड्यापाशीच अडून राहिली. पुढच्या ओळीत योहानाने डोळे उघडले, ते त्यांनी पाहिलेच नाही.

आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, त्या शेवटच्या पानावर तारीख नाही. तिथे एक नगरी आहे. तिच्या बारा वेशी कधी लागत नाहीत, तिला दिव्याची गरज नाही, आणि तिथल्या माणसांच्या डोळ्यांतले पाणी देव स्वतः पुसतो. मधून नदी वाहते. काठच्या झाडाला महिन्याच्या महिन्याला फळ येते, आणि त्याची पाने राष्ट्रांच्या औषधासाठी आहेत.

तो अध्याय मास्तरांनी आक्काला फोनवर सगळ्यांत शेवटी वाचून दाखवला होता. चौथ्या दिवशी तिचाच फोन आला. दंड जरा दुखतो आहे, बाकी ठीक आहे, असे सांगून ती म्हणाली, “पानं औषधाची आहेत म्हणालास ना? मग असंल त्यातलंच एखादं.”