महाडची हवा

२५ डिसेंबरला पहाटेच आम्ही मुलाबाळांसह महाडला उतरलो. १९२७ साली याच दिवशी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली येथे मनुस्मृतीचे दहन झाले. समोर दाट धुके होते आणि त्याला धुराचा वास होता. धाकट्याला लगेच खोकला लागला.

महाड-पोलादपूर म्हणजे डोंगरांनी वेढलेले सावित्रीचे खोरे. हिवाळ्यात रात्री थंड हवा तळाशी साचते आणि वर उबदार हवेचे झाकण बसते. मग चुली, शेकोट्या, महामार्गावरच्या गाड्या व कारखाने यांचा धूर खालीच कोंडतो. उन्हाळ्यात राब भाजणीचा धूर असतो. जूनमध्ये पाऊस आला की हवा धुऊन निघते.

धुरातले २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण फुप्फुसात खोल जातात. म्हणून थंडीत लहान मुलांना व दमेकऱ्यांना ऊन चढल्यावरच बाहेर न्यावे. दारापुढे प्लास्टिक तर जाळूच नये.

दहाच्या सुमारास डोंगर दिसू लागले, धाकट्याचा खोकलाही थांबला. आम्ही चवदार तळ्यावर गेलो. २० मार्च १९२७ रोजी येथे पाण्याचा हक्क बजावला गेला. स्वच्छ हवेचा हक्कही आता आपणच मागायला हवा.