आधी ग्लुकोज, मग बाकीचं

साखरेच्या बाबतीत जिवाणू उघडउघड पंक्तिप्रपंच करतात. फ्लास्कमध्ये ग्लुकोज आणि लॅक्टोज दोन्ही घाला आणि त्यात ई. कोलाय सोडा, ग्लुकोज आहे तोवर तो लॅक्टोजकडे ढुंकूनही बघत नाही. ग्लुकोज संपतं, वाढ थांबते, कलरीमीटरचं रीडिंग बराच वेळ जागचं हलत नाही आणि मग लॅक्टोजवर वाढीची दुसरी फेरी सुरू होते. एम. एस्सी.च्या मुलांकडून हा प्रयोग मी दरवर्षी करून घेते. रीडिंग अडकलं की कोणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, कल्चर मेलं का?"

हा दोन पायऱ्यांचा आलेख झाक मोनो यांचा. १९४० साली, जर्मन फौजा पॅरिसमध्ये असताना, सॉर्बोनमध्ये ते पीएच. डी.साठी जिवाणूंची वाढ मोजत होते. पहिल्या साखरेचं प्रमाण वाढवलं की पहिली पायरी त्याच हिशेबात उंच व्हायची, दुसरी होती तेवढीच राहायची. म्हणजे दोन साखरा एकामागून एक खाल्ल्या जात होत्या, यात शंका नव्हती. मधल्या थांब्याचं काय, ते कळेना. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आंद्रे ल्वॉफ यांनी सुचवलं, जिवाणू नवं एन्झाइम तयार करत असतील. असं काही असतं हे मोनोंनी तोवर ऐकलंही नव्हतं. त्या थांब्याचा पाठपुरावा करत ते आणि त्यांचे सहकारी फ्रान्स्वा जाकोब १९६१ मध्ये लॅक ऑपेरॉनपर्यंत, म्हणजे लॅक्टोज वापरण्यासाठी लागणाऱ्या जनुकांच्या एकत्र चालणाऱ्या गटापर्यंत, पोचले. लॅक्टोज नसेल तेव्हा एक दमनकारी प्रथिन डीएनएवर बसून ही जनुकं बंद ठेवतं. लॅक्टोज आत आलं, की त्यापासून बनलेला एक रेणू त्या प्रथिनाला तिथून उठवतो. १९६५ चं नोबेल या दोघांना ल्वॉफ यांच्यासह मिळालं.

पण यातून अर्धंच उत्तर मिळतं. फ्लास्कमध्ये लॅक्टोज पहिल्यापासून आहे, मग दमनकारी प्रथिन पहिल्यापासूनच का उठत नाही? पाठ्यपुस्तकं सांगतात: ग्लुकोज असताना सायक्लिक एएमपी हा पेशीतला संदेशवाहक रेणू कमी असतो, म्हणून जनुकं जोमानं चालत नाहीत. परीक्षेत मुलं हेच लिहितात आणि मला गुण द्यावे लागतात. १९९६ मध्ये जपानच्या हिरोजी आइबा यांच्या गटानं सायक्लिक एएमपी मोजला, तर ग्लुकोजवर वाढताना आणि नंतर लॅक्टोजवर वाढताना तो जवळपास सारखाच निघाला. वाढला तो मधल्या थांब्यात, तेवढ्यापुरता. त्या फ्लास्कपुरतं तरी पुस्तकातलं उत्तर तोकडं पडतं.

खरी मेख पेशीच्या पटलात आहे. ई. कोलाय ग्लुकोज आत घेतो तेव्हा त्याला फॉस्फेट जोडूनच घेतो. हा फॉस्फेट प्रथिनांच्या साखळीतून हातोहात पुढे जातो. सॉल रोझमन यांच्या गटानं ही यंत्रणा १९६४ मध्ये दाखवली. ग्लुकोजचा ओघ सुरू असला, की साखळीतल्या एका प्रथिनाकडे फॉस्फेट टिकतच नाही, आला की पुढे जातो. असं रिकामं प्रथिन लॅक्टोज आत आणणाऱ्या प्रथिनाला चिकटतं आणि त्याचं काम बंद पाडतं. लॅक्टोज आतच येत नाही, तर दमनकारी प्रथिनाला उठवणार कोण? ग्लुकोज संपलं, की त्याच प्रथिनावर फॉस्फेट साचतो आणि लॅक्टोजची वाट मोकळी होते. जिवाणू चव घेत नाही, तुलना करत नाही. साखर आत घेण्याची जी क्रिया, तीच बाकीच्यांना बाहेर ठेवते. मला या सगळ्यात सर्वांत देखणं वाटतं ते हे.

मात्र हा ग्लुकोजप्रेमाचा नियम सगळ्यांना लावू नये. स्यूडोमोनास आधी सक्सिनेटसारखी सेंद्रिय आम्लं संपवतो, ग्लुकोज मागाहून. दह्या-योगर्टमधला स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस तर ई. कोलायच्या बरोबर उलट, त्याला ग्लुकोजपेक्षा लॅक्टोज प्यारं. पिढ्यान् पिढ्या दुधात राहिलेल्या जिवाणूचं आणखी काय होणार म्हणा! तो लॅक्टोज आत घेऊन फोडतो, त्यातलं ग्लुकोज वापरतो आणि गॅलॅक्टोज बहुतेक वेळा तसंच बाहेर टाकतो. त्याचं लॅक्टोज आत आणणारं प्रथिन अदलाबदलीवर चालतं: एक लॅक्टोज आत, एक गॅलॅक्टोज बाहेर.

याचा घरच्या ताटाशी थेट संबंध आहे. दूध बाधणाऱ्या अनेकांना दही सोसतं, कारण लॅक्टोज थोडं कमी झालेलं असतं आणि उरलेलं फोडायला जिवाणूंचं एन्झाइम आतड्यात मदतीला येतं. पण गॅलॅक्टोसेमिया हा जन्मजात विकार असलेल्या मुलाचा प्रश्न लॅक्टोजपाशी थांबत नाही, तो गॅलॅक्टोजचा आहे, आणि जिवाणूंनी बाहेर टाकलेलं गॅलॅक्टोज दह्यातच राहतं. "आंबवलेलं आहे, चालेल" असं म्हणून अशा मुलाला दही देऊ नका. दुधाइतकंच तेही वर्ज्य आहे.