चारशे ऐंशी फुटांवरचं पाणी

हरभऱ्याच्या मर रोगावर लिहितो म्हणालो होतो, ते पुढच्या वेळी. आज पाण्याचं सांगायचंय.

आमचं शेत देगलूर भागात, तेलंगणाच्या हद्दीजवळ. मराठवाड्यात बहुतेक ठिकाणी खाली काळा पाषाण लागतो, आमच्याकडं तो संपतो आणि ग्रॅनाईट लागतो. सात वर्षांमागं विहीर मार्चमध्येच तळाला गेली म्हणून बोअर मारला. गाडीखालून नुसती गुलाबी-पांढरी, चमचम करणारी भुकटी उडत होती. ४८० फुटांवर भेग लागली आणि दोन इंच पाणी आलं. त्या दिवशी पेढे वाटले. रस्त्याकडंला एक तोटी पण काढून दिली. वस्तीवरची आठ घरं पिण्याचं पाणी तिथूनच भरतात.

या उन्हाळ्यात भूगर्भशास्त्र शिकणारा माझा पुतण्या आला. अर्धा तास मोटर चालू ठेवून त्यानं बाटली भरली आणि तपासायला नेली. रिपोर्ट आला, युरेनियम लिटरला ४७ मायक्रोग्रॅम. भारतीय मानक ब्युरोची पिण्याच्या पाण्याची मर्यादा ३०, जागतिक आरोग्य संघटनेची पण तेवढीच. अणुऊर्जा नियामक मंडळाची ६०. म्हणजे एका कागदावर नापास, दुसऱ्यावर पास.

मला वाटलं कुठला तरी कारखाना असंल. पुतण्या म्हणाला, "काका, हे दगडातलंच आहे." टनभर ग्रॅनाईटमध्ये तीन-चार ग्रॅम युरेनियम असतंच, काळ्या पाषाणात साधारण एक ग्रॅमच्या आत. थोरियम ग्रॅनाईटमध्ये त्याहून जास्त, पण ते पाण्यात विरघळत नाही म्हणून तिथंच बसून राहतं. युरेनियमचं तसं नाही. प्राणवायू मिळाला की ते सुटतं, आणि पाण्यातल्या बायकार्बोनेटला धरून फिरत राहतं. हे बायकार्बोनेट येतं कुठून? मुळं आणि मातीतले जीव कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो पाण्याबरोबर खाली मुरतो आणि दगड झिजवतो. भेगांमधलं पाणी वर्षानुवर्षं दगडाला लागून असतं, त्यामुळं ते उतरायला वेळ भरपूर मिळतो.

पण जितकं खोल तितकं वाईट, असा सरळ हिशोब नाही. जिथं प्राणवायू पोचतच नाही तिथं युरेनियम परत दगडावर बसतं. तसल्या पाण्यात, आणि ते खारं असलं तर जास्तच, रेडियम मात्र निघू शकतं. रेडियमपासून रेडॉन वायू होतो. तो पाणी उघड्यावर पडलं की बराचसा उडून जातो, राहिलेला चार दिवसांत निम्मा होतो. युरेनियम असं उडून जात नाही. त्याचा मुख्य त्रास किरणांचा नाही, मूत्रपिंडाचा आहे.

पुढचं ऐकून मी गप्प झालो. राजस्थान-गुजरातच्या विहिरींवरचा अभ्यास २०१८ मध्ये छापून आला होता. मूळ दगडातलंच, पण उपसा वाढून पाणी खाली गेलं आणि वरून नायट्रेट मुरलं की युरेनियम सुटायला मदत होते, असं त्यात आहे. पातळी उतरली की रिकाम्या भेगांत हवा शिरते. उपसा माझाच, युरियाची पोती पण माझीच.

मग जुन्या विहिरीचं पाणी तपासलं. युरेनियम फक्त ९. पण नायट्रेट ७० मिलिग्रॅम, मर्यादा ४५. घ्या! वस्तीवर दोन तान्ही लेकरं आहेत, त्यांना हे पाणी देता येत नाही.

माझ्या मायचं क्रिएटिनिन दोन वर्षांपासून वाढलेलं आहे. पाण्यानंच झालं असं डॉक्टर म्हणत नाहीत, मी पण म्हणत नाही, तिला साखर आहे. पण रात्री डोक्यात तेच येतं.

कोणी विचारण्याआधीच सांगतो. टीडीएस मीटरवर युरेनियम कळत नाही. माझं पाणी ६१० दाखवायचं, चवीला गोड. माती-पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत पण ते नसतं, वेगळं मागावं लागतं. उकळून जात नाही, उलट पाणी आटून घट्ट होतं. आरओनं निघतं, पण त्याच्या टाकाऊ पाण्यात ते गोळा होतं, ते जनावरांना पाजू नका. पिकाचं म्हणाल तर बहुतेक मुळातच अडकतं, दाण्यात फार थोडं जातं. म्हणून ओलीत मी चालूच ठेवलंय.

वस्तीवर सांगायला गेलो तेव्हा शेजारच्या मावशी म्हणाल्या, "सात वर्षं पाजलंस, तेव्हा पुण्य होतं. आता इख झालं का रे?" मला उत्तर सुचलं नाही. त्यांना रिपोर्टचा कागद दाखवला, त्यांनी तो उलटा-सुलटा करून परत दिला.

तोटीवर आता "वापरायला, पिण्यास नको" असं रंगवलंय. आठ घरं मिळून छोटा आरओ घ्यायचा ठरतोय, पाच घरांचे पैसे आले. जागा आणि वीज माझी. विहिरीत पाऊसपाणी सोडायला चर खोदलाय आणि विहिरीच्या वरच्या दीड एकरात यंदा युरिया निम्म्यावर आणलाय. पोळ्यानंतर दोन्ही पाणी परत तपासणार, आकडे इथंच टाकतो.