२२ ऑक्टोबर १८४४ : बेरीज चुकली नव्हती

१/ आरंभी एक कबुली. महाविद्यालयात असताना आमच्या घरातील जुन्या दप्तरात मला एक मोडी कागद सापडला. त्यावर ‘सन ११८०’ असे होते. मी तो शालिवाहन शक समजून ७८ मिळवले आणि ‘इ. स. १२५८’ असे अभिमानाने लिहून गुरुजींपुढे ठेवले. ते म्हणाले, “बेरीज बरोबर आहे हो. पण हा फसली सन आहे, ५९० मिळवा.” पाच शतकांची चूक! तेव्हापासून विल्यम मिलरला मी हसू शकलेलो नाही.

२/ मिलर (१७८२–१८४९) हा न्यूयॉर्क राज्यातील, व्हरमाँटच्या सीमेलगतचा शेतकरी. १८१२च्या युद्धात तो कप्तान होता. देव जगाच्या व्यवहारात हस्तक्षेप करीत नाही, असे तो तरुणपणी मानी. युद्धानंतर तो बाप्टिस्ट पंथाकडे वळला आणि संशयवादी मित्रांना उत्तर देता यावे म्हणून बायबल क्रमाने, ताडून पाहत वाचू लागला.

३/ दानीएलाच्या ग्रंथातील आठव्या अध्यायात पवित्रस्थान शुद्ध होण्यासाठी २३०० दिवसांची मुदत सांगितली आहे. भविष्यवाणीतील एक दिवस म्हणजे एक वर्ष, हा संकेत मिलरच्या आधीही अनेक भाष्यकारांना मान्य होता. पवित्रस्थान म्हणजे पृथ्वी आणि तिची शुद्धी म्हणजे ख्रिस्ताचे पुनरागमन, असे मिलरने धरले. आरंभ धरला इ. स. पू. ४५७, इराणचा राजा आर्टाझर्क्सीस याच्या फर्मानाचे वर्ष. २३०० मधून ४५७ वजा केले, उरले १८४३.

४/ २१ मार्च १८४३ ते २१ मार्च १८४४ या वर्षभरात ख्रिस्त येईल, असे त्याने जाहीर केले. मुदत टळली. इ. स. पू. १ नंतर थेट इ. स. १ येते, मध्ये शून्य वर्ष नाही, हे ध्यानात घेता हिशेब १८४४ मध्ये जाई. त्या उन्हाळ्यात सॅम्युअल स्नो याने कराईट यहुदी पंचांगातील प्रायश्चित्ताच्या दिवसावरून तारीख नेमली : २२ ऑक्टोबर. मिलरनेही ती अखेरच्या दिवसांत स्वीकारली.

५/ कोणी उभे पीक शेतात राहू दिले, कोणी दुकान बंद केले, कोणी जुनी देणी फेडली. पांढरे झगे घालून लोक टेकड्यांवर चढले, ही गंमत पुढे फार रंगवली गेली. पुराव्यावर ती टिकत नाही. खरे होते ते पहाटेचे रडणे. अमेरिकेच्या इतिहासात त्या दिवसाला ‘महानिराशा’ असे नाव पडले.

६/ अनेकजण पांगले. काहींनी मात्र म्हटले, तारीख खरी, घटना ओळखण्यात चूक झाली. शुद्धीचे ते कार्य स्वर्गातील पवित्रस्थानात सुरू झाले आहे. याच प्रवाहातून १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट चर्चची संघटना उभी राहिली. पुण्यातील स्पायसर ही शिक्षणसंस्था याच चर्चची.

७/ आज बहुतेक अभ्यासक ते २३०० दिवस इ. स. पू. दुसऱ्या शतकाशी जोडतात. चौथ्या अँटायओकसने इ. स. पू. १६७ मध्ये जेरुसलेमचे मंदिर भ्रष्ट केले होते. ग्रंथकर्त्याला आपल्याच पिढीचे दुःख केव्हा संपेल, हे विचारायचे होते. मिलरने तो प्रश्न आपल्या पिढीचा मानला.

८/ कागदावर मी मिलरचा हिशेब करून पाहिला आहे. त्याची आकडेमोड चोख आहे. चूक असते ती आकड्यांच्या आधी, आपण न तपासता गृहीत धरलेल्या गोष्टीत. आणि पुढची बेरीज जितकी अचूक, तितकी ती चूक अधिक खरी भासते. मला गुरुजींनी वेळीच अडवले, माझे नुकसान एका कागदापुरते झाले. त्या पहाटे घराकडे परतणाऱ्यांपैकी कित्येकांचे शेतही गेले होते आणि शेजाऱ्यांपुढची पतही. त्यांच्याविषयी लिहिताना एवढे स्मरणात असू द्यावे.