थांबलेला आकडा

देवळाचा जीर्णोद्धार काढला की पंचांत पहिला वाद होतो तो, जुने किती राखावे आणि नवे किती बसवावे, याचा. हाच वाद आमच्या घरी एका मोटारसायकलीवरून उभा राहिला, हे ऐकून वाचक हसतील. हसोत बापडे!

वडील गेल्यापासून त्यांची जावा बेळगावच्या घरी पडवीत उभी होती. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून या गाड्या निघू लागल्या. हिचा एकच दांडा किक मारण्यासही चाले आणि गिअर बदलण्यासही. "दांडा वकिली बाण्याचा आहे, दोन्ही पक्षांचे काम करतो," असे वडील आम्हांस चिडवीत. पुढे १९७३ मध्ये 'जावा' नाव जाऊन 'येझदी' आले आणि १९९६ मध्ये कारखानाच बंद पडला. २०१८ साली जावा हे नाव नव्या गाड्यांवर परतले खरे, पण त्यांचे भाग या वृद्धेस लागत नाहीत.

आमच्या गाडीच्या दिव्यातच बसवलेला वेगमापक गंजून २७४१८ वर थांबला होता. दुसरा शोधण्यासाठी आम्ही पुण्याचा जुना बाजार गाठला. कुलुपे, स्टोव्ह, पितळी समया यांच्या शेजारी ताडपत्रीवर कार्ब्युरेटर आणि सायलेन्सर मांडलेले. त्यांतच तो लंबगोल वेगमापक दिसला. सवयीने आम्ही उलटतपासणी आरंभिली: माल कोणाचा, आणला कोठून? विकणाऱ्याची मालकी सदोष असेल, तर घेणाऱ्याची निर्दोष होत नाही, हे आम्ही पक्षकारांना रोज सांगतो. विक्रेत्याने भंगारवाल्याची पावती पुढे टाकली. म्हणाला, "साहेब, काटा पाहिजे की कुंडली?" तीन हजारांचा सौदा बावीसशेवर तुटला.

या वेगमापकात आकडा होता ५३९०६. घरी मेस्त्री म्हणाला, "आकडे मागे फिरवतो. वडिलांच्या आकड्यावर आणून ठेवतो, कुणाला कळायचे नाही."

आम्ही मोहात पडलो. गाडी विकायची नव्हती, कोणी फसणार नव्हते. कायद्याची काही हरकत दिसेना. पण ते त्रेपन्न हजार किलोमीटर कोणीतरी खरोखर तुडवले होते. कोणी त्या गाडीवरून मुलांना शाळेत सोडले असेल, कोणी रात्री-अपरात्री डॉक्टर आणला असेल. ती नोंद पुसायची आणि जो काटा वडिलांनी कधी पाहिलाच नाही, त्याच्या तोंडी त्यांची साक्ष घालायची! वडिलांचा आकडा जेथे थांबला, तेथून पुढे नेण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला?

"आहे तसा बसव," आम्ही म्हटले. वडिलांचा वेगमापक त्यांच्या चष्म्याशेजारी कपाटात ठेवला.

गेल्या सोमवारी कपिलेश्वराच्या दर्शनास गाडी काढली. नको नको म्हणत आई मागे बसली. आकडा पाहण्याचे तिला कारणच नव्हते. गाडी सुरू होताच ती एवढेच म्हणाली, "आवाज तोच आहे रे."