हंगेरीचा नाच, रोमानियातलं गाव

हंगेरीचे लोकनाच शिकायचे तर बुडापेस्ट गाठावं, असं कोणालाही वाटेल. पण नाचवेडे हंगेरियन स्वतःच उन्हाळ्यात सीमा ओलांडून रोमानियातल्या ट्रान्सिल्वेनियात शिरतात. १९२० च्या त्रियानॉनच्या तहानं हा मुलूख हंगेरीच्या हातून गेला. गावोगावचे नाच मात्र जागच्या जागी राहिले. क्लुज शहराजवळ वालासूत नावाचं खेडं आहे. लोकगीतांचे मोठे संग्राहक झोल्तान कालोश (१९२६–२०१८) इथलेच. त्यांच्या संस्थेचं नाचाचं शिबिर इथे भरतं.

आधी चकित करतात ती वाद्यं. व्हायोलिन, कोंत्रा आणि भलामोठा बास, बस्स. कोंत्रा म्हणजे तीन तारांचा व्हायोला, पण त्याची घोडी सपाट कापलेली. त्यामुळे गज फिरला की तिन्ही तारा एकदम बोलतात. चाल व्हायोलिनवाल्याची, कोंत्रावाला नुसता ठेका धरून असतो. चेहऱ्यावरची रेषही हलत नाही त्याच्या, आणि इकडे आपले पाय काही केल्या जागेवर राहत नाहीत.

आपल्याकडे गॅदरिंगला नाच बसवतात, तसा इथे कोणी बसवत नाही. पाऊल, वळण, थाप, सगळं सुटं सुटं शिकवतात. त्यातलं कुठलं कधी घ्यायचं, ते नाचणाऱ्यानं सूर ऐकून तिथल्या तिथे ठरवायचं. पुरुषांच्या लेगेन्येशमध्ये चुटक्या, उड्या आणि बुटाच्या नळीवर तळहाताच्या थापा. चालीचा तुकडा संपेल तिथे नाचाचा तुकडाही संपलाच पाहिजे. जोडीच्या चारदाशमध्ये पुरुषाचा हात बाईच्या पाठीवर, तिचा त्याच्या खांद्यावर, गुडघे सैल. सुरुवात संथ, आणि मग लय अशी चढते की आजूबाजूचे चेहरे दिसेनासे होतात.

एका सकाळी जवळच्या गावातले एक आजोबा आले. सत्तरी कधीच ओलांडलेली. त्यांनी चार-दोन थापा अशा काही टाकल्या की शिक्षकानं ‘पुन्हा एकदा दाखवा’ म्हणून हात जोडले. आजोबांनी पुन्हा केलं ते अगदीच वेगळं, आणि तेही तितकंच देखणं. आधीचं काय होतं, ते त्यांना आठवायचंही नव्हतं.

गंमत म्हणजे हे सगळं जपलं शहरी पोरांनी. ट्रान्सिल्वेनियातल्या सेक गावी तरुण मंडळी एखादं घर भाड्यानं घेत, वादकांना पैसे देत आणि नाचत. त्याच धर्तीवर ६ मे १९७२ रोजी बुडापेस्टमध्ये पहिलं ‘तान्त्सहाज’, म्हणजे नाचघर, भरलं. वाजवायला फेरेन्त्स शेबो आणि बेला हाल्मोश, मागे ज्यॉर्ज मार्टिन यांचं खेडोपाडीचं संशोधन, आणि शिकवण्याची रीत शान्दोर तिमार यांची. युनेस्कोनं २०११ मध्ये वारसा जतनाचा चांगला नमुना म्हणून ही पद्धत नोंदवून घेतली. मला विचाराल तर यांनी शहाणपणा एकच केला: लोकनाच मंचावरून खाली, लोकांत आणला. प्रेक्षक म्हणून बसायला इथे जागाच नाही.

रात्री वर्ग नसतो, नाच असतो, आणि तो उजाडेपर्यंत चालतो. जायचा विचार असेल तर चामडी तळाचे बूट घ्या. रबरी तळ लाकडी जमिनीला चिकटतो, गिरकी अर्ध्यावर अडते आणि गुडघा धरतो.